प्राणिवैद्याकडे उशिरा कसे पोहोचावे

आजारी कुत्र्याला वेळेत डॉक्टरकडे नेणं कोणालाही जमतं, त्यात कसब नाही. रविवारी रात्री साडेदहाला, दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलेलं असताना, "काल सकाळपर्यंत अगदी मस्त होता हो" असं म्हणत पोहोचायचं, तर त्याला पूर्वतयारी लागते. हे मार्गदर्शन त्यासाठीच.

कुत्र्याने जेवण सोडलं की लगेच कारण ठरवून टाका. उन्हाळ्यात 'उकडतंय म्हणून', पावसाळ्यात 'हवा बदलली म्हणून', थंडीत 'आळसावलाय'. बाराही महिने चालणारं कारण म्हणजे 'नाटकं करतोय'. मग नाकाला हात लावा. ओलं लागलं तर तब्येत ठणठणीत. कोरडं लागलं तर आत्ताच झोपून उठलाय. या तपासणीत नापास झालेला कुत्रा आजवर कोणी पाहिलेला नाही. ताप मोजायची खरी जागा शेपटीखाली असते, त्यामुळे तो विषय सहसा निघत नाही. घरातल्या एखाद्या धाडसी माणसाने मोजलाच आणि 102 फॅरनहाइट आला, तर सगळ्यांनी मिळून घाबरावं. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101 ते 102.5 असतं, हे वाचायला पुढे आयुष्य पडलंय.

आता फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा खाली काढा. आजोबांच्या गुडघेदुखीतून उरलेली आयबुप्रोफेन कुत्र्याला द्यावी. त्याच्या पोटात अल्सर होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पण लंगडणं थांबल्यासारखं वाटतं. मांजराला पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकता येत नाही, एखाद्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. पण आपल्या मुलांना चालते ती गोळी मनीला का चालू नये? मनीलाही आपण मुलगीच म्हणतो.

घरचं औषध संपलं की सोसायटीत खाली उतरा. परळला 1886 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे हे खरं, पण बी विंगमधल्या काकांचा अनुभव त्याहून जुना वाटतो. गावाकडे त्यांच्याकडे आठ कुत्री होती आणि एकालाही कधी लस दिली नव्हती. त्यांतली किती मोठी झाली, हे विचारू नये. काकांना वाईट वाटतं. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात ते पार्व्होसारख्या रोगांसाठी. पार्व्हो म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण. पिल्लू त्यात बघता बघता वाळतं. काकांच्या मते त्याला डाळिंबाची साल पुरे.

पावसाळ्यात गोचीड येतात, आणि उशीर करण्याची ही सर्वांत सुपीक जमीन. संध्याकाळी कुत्र्याला गॅलरीत आडवं घ्या, चिमटा घ्या, वाटीत रॉकेल घ्या. कानाच्या आतल्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली फुगलेले करडे दाणे सापडतील. एकेक उपटून वाटीत टाकत सगळ्या घराने मोजावेत. हा कार्यक्रम छान रंगतो आणि गोचिडाचं औषध आणायचं राहून जातं. काही दिवसांनी कुत्रा जिना चढायचा थांबला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीड ताप असू शकतो. प्लेटलेट उतरल्याचं कळलं की पपईच्या पानांचा रस काढावा, कारण डेंग्यूत आत्याला तो दिला होता. आत्याला सलाईनही लावलं होतं, ते सोडून द्या. दरम्यान कोणी गोचिडाचं औषध आणलंच, तर उरलेले थेंब मांजराच्या मानेवर टाकावेत. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि मांजराला त्याने झटके येतात, एवढाच काय तो फरक.

गणपतीत प्रसादाला नाही म्हणू नये, हा नियम ब्रूनोलाही लागू. शिऱ्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, तेही काही दिवसांनी. तोवर त्याने काय खाल्लं होतं हे घरात कोणालाच आठवत नाही. ही सोय विशेष आहे.

बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, कण्हतोय? पोट साफ होत नसेल. दुधात तूप घाला. लघवी अडकलेली असेल तर दोनेक दिवसांत जीव जातो, तेवढ्यात दुधाचे चार प्रयोग होतात.

अखेर दवाखाना. केसपेपरवर 'ब्रूनो कुलकर्णी, नर, 6 वर्षं' असं लिहिलेलं वाचून भारावून जा आणि चौकशीला तयार राहा.

"उलट्या कधीपासून?"

"आजच. म्हणजे, आज जास्त."

"काही औषध दिलंय?"

"छे हो." इथे बायकोकडे बघू नये.

"शी कशी होतेय?"

हे कामवाल्या मावशींना माहीत असतं. त्यांना फोन लावावा. त्या गावी गेलेल्या असतात.

"लसीचं कार्ड?"

कार्ड गाडीच्या कागदपत्रांत आहे आणि गाडी सर्व्हिसिंगला आहे. मग डॉक्टरांनी रक्ततपासणी, सोनोग्राफी, सलाईन असं काही काढलं की खिन्नपणे विचारा, "एका इंजेक्शनात नाही का भागणार?" बिल आलं की, "माणसांचा डॉक्टर इतके घेत नाही" हे वाक्य बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणावं. त्यांतले दोघे तरी मान डोलावतात.

पाच दिवसांचं औषध दुसऱ्या दिवशी, शेपूट हलू लागताच बंद करा. उरलेल्या गोळ्या मात्र फेकू नका. समोरच्या फ्लॅटमधल्या पॉमेरेनियनला कालपासून उलट्या होतायत. तो चार किलोचा, आपला लॅब्राडोर बत्तीसचा, तेव्हा अर्धीच द्यायला सांगा.