अक्कांच्या नातीची सायकल

वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा कठड्यापाशी या. आणि हळू बोला, समोर अक्का ओट्यावर बसल्यात. त्यांच्याच नातीचं सांगायचंय.

दिवाळीला पुण्याहून आली, ती अजून इथंच आहे. काम लॅपटॉपवर घरूनच चालतं म्हणे. ते असू दे. पण सोबत आणलेली सायकल पाहिलीत का? स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, साखळीला झाकण नाही. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मी म्हटलं, "बाई गं, अर्धीच आणलीस का? बाकीची मागून येतेय?" तर हसली. किंमत ऐकाल तर हातातला चिमटा खाली पडेल. तेवढ्यात मोटारसायकल येते आणि वर पेट्रोलला उरतात. आमच्या ह्यांनी नेपानगरच्या कागद कारखान्यात लागल्यावर जी काळी सायकल घेतली, तीच निवृत्तीपर्यंत चालली. आणि तिला घंटी तरी होती!

ग्रॅव्हल सायकल म्हणतात हिला. शर्यतीची बारीक चाकांची असते ना, ती डांबरावरच चालते. डोंगरात उड्या मारायची असते ती जाडजूड. ही त्या दोघींच्या मधली. टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद, आणि हवा मुद्दाम कमी. शर्यतीच्या सायकलीत नव्वद-शंभर पौंड भरतात, हिच्यात तीस-चाळीस. त्यानं मुरमावर चाक उसळत नाही, खडीला धरून चालतं. हे सगळं मला कसं ठाऊक? अहो, विचारलं की सांगते ती. तुम्ही नुसत्या खिडकीतून बघता.

परवा गंमतच झाली. बाभळीचा हा एवढा काटा टायरमध्ये घेऊन आली आणि आमच्याच दारात उतरली. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला लगेच पाण्याचं घमेलं घेऊन हजर. तिनं काटा उपसला, फस्स आवाज झाला, पांढरं औषध बाहेर उडालं, माझ्या पायरीवर सुद्धा. तिनं चाक फिरवून भोक खाली आणलं आणि उभी राहिली. झालं, हवा थांबली! आत ट्यूबच नसते म्हणे, ते औषधच भोकात जाऊन घट्ट बसतं. दोनदा पंप मारला आणि गेली. पंक्चरवाला तोंड वासून म्हणतो, "मग आम्ही काय करायचं?" पायरीवरचा डाग मात्र मीच घासला.

जाते कुठं? तेच तर सांगतेय. उजाडायच्या आत निघते. लूम सुरू व्हायच्या आधी मोहल्ल्यात शांतता असते तेव्हा. तापी ओलांडून जैनाबादला, आहुखान्याकडे. मुमताज बेगमेला 1631 च्या जूनमध्ये आपल्याच बऱ्हाणपुरात मरण आलं आणि ताजमहाल बांधायच्या आधी तिला तिथं पुरलं होतं, सहा महिने. शाळेत असताना आपली सहल गेली होती तिथं, आठवतं? डबा खाऊन आलो, बाकी काही पाहिलं नाही. ही पोरगी तिथून पुढं केळीच्या बागांमधल्या गाडवाटांना लागते. डांबर सोडायचं, हा तिचा नियम. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रकची रांग असते, तिथं सायकल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. आत वळलं की बैलगाडी, ट्रॅक्टर आणि दूधवाले. बस्स.

आणि चढ कुठं आहे हो आपल्याकडे? सातपुडा राहिला तिकडे उत्तरेला, असीरगडाच्या अंगाला. मधला सगळा तापीचा सपाट पट्टा. ती मुलताईहून येते आणि सुरतेकडे जाते, 724 किलोमीटर, आणि आपल्यापाशी येईपर्यंत डोंगरातून बाहेर पडलेली असते. म्हणून तर जुन्या काळी सुरतेहून आग्र्याला जाणारी वाट नदीच्या या खोऱ्यातून होती. इंग्रजांचा वकील टॉमस रो 1615 मध्ये सुरतेहून निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर करत आपल्याकडे आला, शहजादा परवेझला भेटायला. आणि आल्यावर आजारी पडला. नात म्हणते, मला तीच वाट उलटी करायचीय, रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, सुरत. मी म्हटलं, तू पाणी उकळून पी म्हणजे झालं.

एका रविवारी बहादरपूरकडून आली. मी म्हटलं, "तिकडं काय आहे?" तर मलाच इतिहास शिकवायला लागली. संभाजीराजांच्या वेळी, 1681 साली, हंबीरराव मोहित्यांनी लुटलं ते हेच बहादरपूर. तेव्हा श्रीमंत व्यापाऱ्यांची पेठ होती. मराठे लुटायला आले त्या गावात आपण मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या भाजी निवडत बसलोय, हा विचार कधी केला होता तुम्ही? मी तरी नाही. आणि बोहरड्याला, तापी-मोहनेच्या संगमावर, राजाची छत्री आहे ना, ती कुणाची माहीत आहे? मिर्झाराजे जयसिंहाची. ज्यानं 1665 मध्ये शिवाजी महाराजांकडून पुरंदरचा तह करून घेतला तो. दोनच वर्षांनी, 1667 मध्ये, इथं बऱ्हाणपुरात गेला. महाराजांचे तेवीस किल्ले घेतले आणि शेवटी काय, नदीकाठी खांबांची एक छत्री.

नाही, नाही, विषय सोडत नाहीये. मुख्य गोष्ट पुढंच आहे. अक्का तिच्यावर चिडल्यात. का? तर पांढरा शर्ट. नवीन, पुण्याचा, महागातला. केळीची कापणी चालू असलेल्या वाटेनं आली आणि मजुरांनी वाटेवर टाकलेल्या खोडांवरून घसरली. लागलं नाही फारसं, पण केळीचा चीक! पाठीपासून बाहीपर्यंत. ओला असताना काही दिसत नाही, वाळला की काळाकुट्ट. अक्कांनी लिंबू लावलं, सोडा लावला. केळीचा डाग कधी जातो का? आपल्या सासवांनी आपल्याला हेच शिकवलं, बागेत जुनेरं घालून जायचं. ही म्हणते, "आजी, राहू दे, आठवण आहे." अक्का म्हणाल्या, "आठवण नाही, नुकसान आहे." मी अक्कांच्या बाजूची.

आता ते रावेरचं. मलाही कळलंय, मला काय विचारता! दर रविवारी रावेरच्या वाटेनंच का, असं आपला सगळा इतवारा मोहल्ला विचारतोय. पलीकडच्या गल्लीतल्या काकू तर म्हणाल्या, तिथं कुणीतरी आहे. असेलही. पण रावेर पंचवीसेक किलोमीटरवर, जाऊन यायचे पन्नास, त्यात मुरूम, धूळ, तोंडाला फडकं. असल्या अवतारात कुणी कुणाला भेटायला जातं का? गेली तर तो मुलगा चांगलाच म्हणायचा.

एकटी जाते याची काळजी मलाही होती, खोटं कशाला बोलू. पण केळीच्या बागेत सकाळी सहाला जेवढी माणसं असतात तेवढी आपल्या बाजारात नसतात. पाणी द्यायला आलेले, घड कापायला आलेले, ठिबकच्या नळ्या तपासणारे. आता सगळे ओळखतात तिला. दापोऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं तर तिला गाडीवर बांधायला केळी दिली. कॅरिअरच नाही, तर ही गळ्यात पिशवी अडकवून आली. चार डझन! अक्कांनी आम्हालाही दिली, तुम्हाला आली नाहीत का? अगंबाई. मग मी बोललेच नाही असं समजा.

बरं, त्या दिवशी आमच्या ह्यांचा आणि तिचा वाद झाला, ओट्यावर. ती सांगत होती, इटलीत टस्कनी म्हणून भाग आहे, तिथं 1997 पासून जुन्या सायकली घेऊन कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून फेरी काढतात. ते रस्ते डांबरी होऊ नयेत म्हणून सुरू केली. अमेरिकेत कॅन्ससमध्ये 2006 पासून तीनशेवीस किलोमीटरची शर्यत होते, सगळी खडीवर. 2022 पासून तर याची जागतिक स्पर्धाही भरते. म्हणून आपल्या गाडवाटाही अशाच राहाव्यात, असं तिचं म्हणणं.

हे म्हणाले, "बाळा, तुझी सायकल खड्ड्यात आपटली तर तुला मजा येते. केळीचा घड आपटला तर काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की माल बागेतच पिकतो. त्या शेतकऱ्याला विचार, त्याला पांढरा रस्ता हवाय का सिमेंटचा." पोरगी गप्प झाली. मग म्हणाली, "बरोबर आहे काका. तुमचा सिमेंटचा झाला की मी शेजारच्या पांदीत जाईन." हे आमचे खूश. मला विचाराल तर वाट आधी बैलाची, मग ट्रॅक्टरची, आणि उरली तर पुण्याच्या पाहुण्यांची. पण उरते, वहिनी. आपल्याकडे अजून पुष्कळ उरलीय.

आता मुद्द्याचं. तुमचा धाकटा दिवसभर मोबाइल घेऊन गच्चीत पडलेला असतो ना, त्याला पाठवा तिच्याबरोबर. लाखाची सायकल कशाला, वडिलांची जुनी आहे तीच घेऊ दे. दूधवाले काय ग्रॅव्हल सायकलवर येत होते का? फक्त हवा थोडी कमी करा, ब्रेक तपासा आणि दोन बाटल्या पाणी द्या. पाठवायचं तर होळीच्या आत. नंतर ऊन पंचेचाळीसला टेकतं. पावसाळ्यात तर नावच काढू नका, आपली काळी माती चाकाला असा गिलावा करते की सायकल खांद्यावर घेऊन यावी लागते. सकाळी आठ-नऊपर्यंत घरी परत. येताना मावा जिलबी आणली तर आम्हाला चालेल.

आणि पांढरा शर्ट घालू देऊ नका. वाटेत कापणी चालू दिसली तर खाली उतरायचं, ट्रॅक्टरला आधी जाऊ द्यायचं, आणि कुणाच्या ठिबकच्या नळीवरून चाक घालायचं नाही. एवढं बजावूनच पाठवा त्याला.