सेलोबा

गणपतीला गावी निघालेलं कुटुंब घराबाहेर पडताना काय काय बघतं? गॅस बंद आहे ना, नळ टपकत नाही ना, दूधवाल्याला सांगितलं ना. सेलोबांच्या घरी ही सगळी कामं काकूंकडे. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवून कावलेला असतो, काकू दोन पिशव्या सावरत जिन्यात उभ्या असतात आणि सेलोबा बाथरूममध्ये स्टुलावर चढून गॅस गीझरच्या पोटातले दोन मोठे सेल उपसत असतात.

"अहो, गाडी चुकेल!"

"गाडी दुसरी मिळेल. गीझर दुसरा कोण, तुझा भाऊ देणारे?"

काकूंच्या भावाचा या प्रकरणाशी काहीएक संबंध नाही. पण सेलोबांच्या लेखी जगातल्या निष्काळजीपणाची उगमस्थानं दोनच : सेलचे कारखाने आणि काकूंचं माहेर.

प्रत्येक सोसायटीत असा एक तरी गृहस्थ असतो, ज्याने कुणी न सांगता एखादं खातं स्वतःकडे घेतलेलं असतं. कुणी पाण्याच्या टाकीवर डोळा ठेवतो, कुणी जिन्यातल्या दिव्यांवर. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत काकांनी सेल घेतले. विठोबा, म्हसोबा, तसे सेलोबा. नाव पोरांनी पाडलं. तोंडावर सगळे काकाच म्हणतात. चौतीस वर्षं एका सरकारी खात्याच्या स्टोअरमध्ये काढली. तिथे सही घेतल्याशिवाय खिळासुद्धा कुणाला दिला नाही. निवृत्तीनंतर खिळे सुटले, सही सुटली नाही. शंभर पानी वहीत 'घरातील सेल' अशी नोंद आहे. उपकरण, सेलची जात, बसवल्याची तारीख, काढल्याची तारीख. शेवटच्या रकान्यात 'शेरा'. काकूंच्या वजनकाट्यापुढे शेरा आहे : 'वापर नाही. कारण विचारू नये.'

तपासणी दर संकष्टीला. उपास असतो, चंद्रोदयाला वेळ असतो, आणि भुकेल्या माणसाला काहीतरी उघडून बघावंसं वाटतंच. काकू साबुदाण्याची खिचडी झाकून ठेवतात आणि सेलोबा एकेक झाकण उघडत जातात. टीव्हीचा रिमोट, रक्तदाबाचं यंत्र, भिंतीवरचं घड्याळ, दारावरची बेल, नातवाची गाडी. एसीच्या रिमोटचा मात्र चातुर्मास असतो आणि तो नऊ महिन्यांचा असतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की सेल बाहेर. होळी पेटली की आत.

"पण काका, रिमोट बंदच असतो की," मी एकदा म्हणालो. चूक झाली. पुढचा पाऊण तास मी खुर्चीतून उठू शकलो नाही.

"बंद म्हणजे काय रे? रिमोट झोपेतही थेंब थेंब पीत असतो. आणि त्याने नाही प्यायलं तरी सेल आतल्या आत म्हातारा होतोच." मग त्यांनी एक साधा पेन्सिल सेल हातात घेतला. "हा तुझा नेहमीचा स्वस्तातला. याचं भांडंच जस्ताचं. आत नवसागर, नाहीतर त्याच्याच जातीतला क्षार. नवसागर माहितीये ना? कल्हईवाला भांड्याला लावायचा तो. आता वीज कशी होते? जस्त खाल्लं जातं म्हणून होते. म्हणजे आमटी शिजतेय आणि पातेलंच विरघळतंय. आमटी संपता संपता पातेल्याला भोक!"

"आणि महागाचे अल्कलाइन?"

"ते पोलादी डब्यात असतात, म्हणून लोक निर्धास्त. पण आत दाहक पोटॅश. सेल संपत आला की आत हायड्रोजन धरतो. वायूला जागा नको का? मग एक दिवस बुडाची सील सुटते आणि पोटॅश बाहेर. हवा लागली की त्याची पांढरी बुरशी होते. ती बुरशी नाही, क्षार आहे तो, पण तू बुरशी म्हण, तुला तेवढंच झेपेल." लिथियमचे दीड व्होल्टचे सेल सहसा पाझरत नाहीत, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांची किंमत ऐकून मात्र सेलोबांनाच पाणी सुटतं.

जुना आणि नवा सेल एकत्र घालणाऱ्याला ते माफ करत नाहीत. त्यांच्या घरात सेल जोडीने नांदतात. पाकीट फोडलं की दोघांच्या अंगावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने तारीख; एकाच मुहूर्तावर बोहल्यावर चढवल्यासारखे. पुढे दोघांनी एकत्र झिजायचं, एकत्र निघायचं. नव्याच्या शेजारी थकलेला बसवला, की थकलेला आधी संपतो. तरी नव्याचा जोर चालूच. तो म्हाताऱ्याच्या अंगातून उलटा प्रवाह ढकलतो, म्हातारा फुगतो आणि सगळ्या घरात घाण करून जातो. "एकत्र कुटुंबात हेच होतं," असं ते इथे दर वेळी म्हणतात आणि दर वेळी स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज येतो.

कधी कधी जोडीतला एक घरंगळून कपाटाखाली जातो, सापडत नाही. मागे राहिलेल्याला वहीत 'विधुर' म्हणतात. विधुरांची सोय भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळाला एकच सेल लागतो, काम हलकं, कुणाशी जुळवून घ्यायला नको. सेलोबांच्या घरची वेळ गेली कित्येक वर्षं विधुरांवर चालली आहे.

एकदा खालच्या मजल्यावरचे जोशी रात्री साडेदहाला वर आले. त्यांच्या डोक्यावर अर्धा तास टक्... टक् टक् टक्... चाललं होतं. दार उघडलं तर सेलोबा हॉलमध्ये मांडी घालून सेल फरशीवर उभे सोडत होते. ताजा अल्कलाइन सेल धप्पकन उभा राहतो, वापरलेला चेंडूसारखा उडतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खरंही आहे ते. आत जस्ताची ओली पेस्ट असते, ती धक्का गिळते; जस्ताचं ऑक्साइड होत गेलं की ती आवळून घट्ट होते आणि सेल उसळतो. पण प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की सेल निम्म्यावर आला तेव्हाच ही उसळी पुरी झालेली असते. म्हणजे उडतो तो वापरलेला, हे नक्की. मेलेला, असं नाही. सेलोबांनी त्या रात्री अकरा धडधाकट सेल मयत ठरवले होते. हे सगळं मीच दुसऱ्या दिवशी वाचून त्यांना सांगितलं. त्यांनी वही काढली, अकरा नोंदी खोडल्या, प्रत्येक खाडाखोडीवर सही केली आणि माझीही घेतली. आता मल्टिमीटर आहे. जोशीही सुखी आहेत.

पण सेलोबांची खरी कळा बघायची ती कुणाच्या घरी सेलला पाणी सुटल्यावर. समोरच्या वहिनी सासूबाईंचं रक्तदाबाचं यंत्र रुमालात गुंडाळून आणतात. चेहऱ्यावर पेशंटच्या नातेवाइकांचा भाव. सेलोबा चष्मा बदलतात, काकूंच्या भांडी घासण्याच्या रबरी हातमोज्यांवर ताबा मिळवतात आणि झाकण उघडण्याआधी हिस्टरी घेतात.

"शेवटचं कधी उघडलं होतं?"

"दिवाळीत... बहुतेक."

"कुठल्या?"

वहिनी गप्प.

जात ओळखणं महत्त्वाचं. सेल अल्कलाइन असेल तर पांढरा थर क्षारधर्मी, त्याला आंबट चालतं. व्हिनेगरमध्ये बुडवलेली कानकाडी, नाहीतर लिंबाचे दोन थेंब. साधा सेल असेल तर आतला राडा मुळात आंबट, त्याला खायचा सोडा. थेंब पडला की बारीक फसफस होते आणि सेलोबा मान डोलावतात. मग ओलसर कापडाने पुसणं, स्पिरिटचा एक हात, स्प्रिंगवर पॉलिश पेपर हलकेच, आणि दिवसभर झाकण उघडं ठेवून वाळवणं. "बोट डोळ्याला लावू नकोस," हे तीनदा. हिरवा रंग तारेवरून आतल्या सर्किटपर्यंत चढलेला दिसला की ते हातमोजे काढून ठेवतात. त्यांच्याकडे फी नाही. फक्त यंत्र परत नेताना सेल वेगळ्या पाकिटात मिळतात, वर रबरबँड आणि सूचना : वापरताना घाला, झाल्यावर काढा. वहिनींच्या सासूबाईंचा रक्तदाब ते पाकीट शोधताना वीसने वाढतो, अशी तक्रार आहे.

या वेडाचं मूळ शोकेसमध्ये आहे. कातडी कव्हरातला चार सेलचा ट्रान्झिस्टर, त्यांच्या वडिलांचा. १९८३ च्या वर्ल्डकपची फायनल त्या घराने त्याच्यावर ऐकली. वर्षभरात टीव्ही आला आणि ट्रान्झिस्टर माळ्यावर गेला. चढवला सेलोबांनीच, सेलसकट. पुढे कधीतरी आजारपणात वडिलांना बातम्या ऐकाव्याशा वाटल्या. माळ्यावरून काढून झाकण उघडलं, तर आत सेल कुठे संपतो आणि रेडिओ कुठे सुरू होतो ते कळेना. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही घाईघाईत, आणि लगेच एसीच्या रिमोटवर आले. त्या ट्रान्झिस्टरच्या रिकाम्या पोटाची तपासणी अजून दर संकष्टीला होते.

एवढी दक्षता घेतल्यावर व्हायचं तेच होतं. त्या घरात काहीही बिघडलेलं नाही आणि काहीही चालू नाही. मागच्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे बसलो असताना वीज गेली. सेलोबा शांतपणे म्हणाले, "घाबरू नकोस, घरात तीन बॅटऱ्या आहेत." तिन्ही सापडल्या. तिन्ही रिकाम्या. सेल कपाटातल्या डब्यात, डबा दुसऱ्या कप्प्यात मागे, आणि तो दिसायला बॅटरी हवी. माझा मोबाइल घरी चार्जिंगला होता, त्यांचा कुठे ठेवला होता ते त्यांना उजेडातही आठवलं नसतं. आम्ही चाचपडत असताना स्वयंपाकघरातून लख्ख झोत आला.

"मोबाइल लावलास का गं?"

"हो," काकू म्हणाल्या.

सेलोबा काही बोलले नाहीत. वीज आली, डबा सापडला, काकूंनी चहा टाकला. मी कप ठेवायला आत गेलो तेव्हा त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. पोह्यांच्या डब्यामागून एक छोटी लाल बॅटरी काढली.

"माझ्या भावाने दिलेली. पाच वर्षं झाली. यांना पत्ता नाही, सांगू नकोस. एकदा सेल घातले ते घातले. ना कधी काढले, ना पुसले. कधी नाही म्हणाली का? उगाच आपलं याला पाणी सुटेल, त्याला पाणी सुटेल. बघ हवं तर उघडून."

मी मागचं झाकण फिरवलं. दोन पेन्सिल सेल अलगद हातावर घरंगळले. कोरडे, चकचकीत. दोघांच्याही अंगावर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेनने मागच्या संकष्टीची तारीख.

काकूंचा चष्मा बाहेर हॉलमध्ये होता.

"दिसतात ना चांगले?"

"नव्यासारखे," मी म्हणालो आणि सेल होते तसे आत सरकवले.