कलम 111 पाशी रंग संपलेल्या शेठना

माननीय शेठ,



आपल्या प्रेस शॉपमधल्या परवाच्या अपघाताची चौकशी आपण दीड दिवसात उरकलीत, त्याबद्दल आधी अभिनंदन. सरकारी समित्यांची पहिली बैठक ठरेपर्यंत वर्ष सरतं. आपल्याकडे कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ आणि उपाययोजनेच्या रकान्यात ‘संबंधितास पुन्हा प्रशिक्षण दिले’ एवढं लिहिलं की फाइल बंद. हे कागद माझ्या हाती कसे लागले ते विचारू नका. कंपनीच्या कागदांची झेरॉक्स गेटसमोरच्या टपरीवरून काढून आणायची पद्धत आपणच पाडली आहे.

शंका एकच. पुन्हा प्रशिक्षण दिल्याची जी तारीख आहे, त्या दिवशी तो पोरगा दवाखान्यात पडून होता. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेलेली, मनगटापर्यंत बँडेज. आणि रजिस्टरात त्याची सही अशी वळणदार, की मी माझ्या वर्गातल्या मुलांना कित्ता म्हणून गिरवायला द्यावी.

त्याआधीचं पान तर याहून सरस आहे. रजिस्टर म्हणतं, त्याला जानेवारीत सुरक्षा प्रशिक्षण दिलं. राज्य कामगार विम्याचे कागद म्हणतात, तो कामावर लागला अपघाताच्या दिवशी, आणि त्याची नोंदणी झाली सकाळी अकराला. बोट गेलं पहाटे साडेचारला, तिसऱ्या पाळीत. म्हणजे आधी प्रशिक्षण, मग अपघात आणि शेवटी नोकरी. अख्ख्या चाकणात हा क्रम आपल्याशिवाय कुणाला जमला असेल, असं वाटत नाही.

आपली ओळख मार्चमधली. 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो दिवस सुरक्षा दिन आणि त्या दिवसापासूनचा आठवडा सप्ताह. आपण घोषवाक्य स्पर्धा ठेवली होतीत आणि परीक्षक म्हणून जवळच्या शाळेतला मराठीचा मास्तर, म्हणजे मी, बोलावला होतात. मला दिलेल्या हेल्मेटवर किमतीचं स्टिकर तसंच होतं. मंडपात सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. शपथेला पुढे केलेल्या हातांची बोटं कुणी मोजत नाही, पण मास्तरला हजेरीची सवय असते. काही हात अपुरे होते.

घोषवाक्यं शंभरावर असतील. सगळ्यांचं म्हणणं एकच: कामगारा, घाई करू नकोस, लक्ष दे, घरी बायकापोरं वाट पाहताहेत. घाई कोणाला असते, शिफ्टला किती नग काढायचे हे कोण ठरवतं, याबद्दल एकानेही यमक जुळवलं नव्हतं. त्यात एक चिठ्ठी निघाली. नाव नाही, यमक नाही, वहीच्या पानाच्या कपट्यावर तीन शब्द: ‘सेन्सर चालू करा.’ माझ्या मते पहिलं बक्षीस तिथेच ठरलं होतं. पण आपल्या एचआरच्या साहेबांनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. म्हणाले, “सर, ही तक्रार आहे, घोषवाक्य नाही.”

बक्षीस समारंभाला अवकाश होता, म्हणून मला शॉप दाखवायला नेलं. अशी चूक पुन्हा करू नका. रांगेतल्या चौथ्या प्रेसच्या दोन्ही बाजूंना पिवळे खांब उभे होते. त्यांच्यातून अदृश्य किरणांचा पडदा पडतो आणि हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबतो, असं मला सांगण्यात आलं. खांब चकचकीत होते, त्यांवरचे दिवे मात्र विझलेले. समोर दोन हिरवी बटणं. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय रॅम (वरून ठोका मारणारा भाग) खाली येऊ नये, म्हणजे रॅम खाली येताना दोन्ही हात बटणांवरच असावेत, अशी ती योजना. त्यातलं डावं बटण पुठ्ठ्याची घडी कोंबून, वरून चिकटपट्टी मारून कायमचं दाबून टाकलेलं. पुठ्ठा तेलाने काळा झाला होता, कालपरवाचा नव्हता. सुपरवायझर माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. “ऑडिट असलं की काढतो, सर. दोन्ही हात बटणावर ठेवले तर नग बसत नाहीत.”

आणि पलीकडचा तो जुना, पायपेडलचा प्रेस? त्याच्यावर सेन्सर बसवूनही उपयोग नाही, कारण त्याच्या क्लचची किल्ली एकदा अडकली की रॅम खाली जाऊन वर येईपर्यंत मध्ये थांबतच नाही. तिथे साच्यापाशी हात पोहोचणारच नाही असं पक्कं जाळीचं गार्ड लागतं, नग आत सरकवायला चिमटा लागतो. किल्ली झिजली की तो पेडल न दाबताही दुसरा ठोका मारतो. कामगार त्याला ‘डबल मारला’ म्हणतात. पोराने पहिल्या ठोक्यानंतर नग काढायला हात घातला आणि प्रेसने डबल मारला, तर निष्काळजी कोण, शेठ? तरी रकान्यात नाव पोराचंच येतं. किल्ली सही करत नाही, हा तिचा मोठा फायदा.

शॉपच्या दारावर आपण सुबक अक्षरांत पाटी रंगवून घेतली आहे: ‘कारखाने अधिनियम 1948, कलम 111, कामगारांची कर्तव्ये.’ सुरक्षा साधनांशी छेडछाड करू नये, स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नये वगैरे. छान आहे. पण त्याच कायद्यात लगेच पुढे कलम 111-अ होतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीत घातलेलं. कामाच्या ठिकाणच्या धोक्यांची माहिती आणि सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क, असं ते सांगत होतं. त्याच दुरुस्तीतल्या 7-अ ने माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख यांची जबाबदारी आपल्या गळ्यात घातली होती. आणि कलम 21 पहिल्यापासून बजावत होतं की यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण हवं. यातलं पाटीवर काहीच नाही; 111 लिहून होईतो पेंटरचा रंग संपला असावा.

आता रंग आणायला निमित्त आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि आपली पाटी जुन्या कायद्याची राहिली. नव्या संहितेत कामगाराची कर्तव्यं कलम 13 मध्ये आहेत आणि हक्क लगेच कलम 14 मध्ये. या खेपेला डबा थोडा मोठा घ्या.

आपल्या प्रशिक्षणाबद्दल मात्र माझा आधी गैरसमज होता. मला वाटायचं ते होतच नाही. होतं की! नवी बॅच आली की ठेकेदाराचा माणूस गेटजवळच्या शेडमध्ये सगळ्यांना उभं करतो आणि रजिस्टर फिरवतो. मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून आलेली पोरं इंग्रजीत छापलेल्या मजकुराखाली ‘मला सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत’ म्हणून सही करतात आणि दहा मिनिटांत ‘हेल्पर’ म्हणून प्रेसवर उभी राहतात. या प्रशिक्षणातून पोराचं बोट वाचत नाही. वाचतो तो कारखाना. बोट गेलं की तीच सही काढून दाखवायची: बघा, याला सगळं माहीत होतं, तरी याने हात घातला. आरोपीचा जबाब गुन्ह्याआधीच घेऊन ठेवण्याची ही सोय पोलिसांनाही सुचलेली नाही.

पहाटे साडेचारला, सलग बाराव्या तासाला, डोळे मिटत असलेल्या माणसाकडून लक्षाची अपेक्षा कोणतंच प्रशिक्षण पुरी करू शकत नाही. म्हणून तर खांब, बटणं आणि जाळी आहेत. झोपाळू माणूस गृहीत धरून केलेली साधनं आहेत ती. त्यांत पुठ्ठा कोंबायचा आणि वर जागं राहण्याचं व्याख्यान द्यायचं, याला आपण ‘सेफ्टी कल्चर’ म्हणता, असं आपल्या माहितीपत्रकावरून समजलं.

हिशेबाच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवावं असं नाही. 1923 च्या भरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचं रीतसर दरपत्रक होतं. अख्खा अंगठा गेला तर कमावण्याची ताकद 30 टक्के गेली. तर्जनी पूर्ण 14 टक्के, तिची दोन पेरं 11, एक पेर 9. करंगळी सगळी गेली तरी 7. परवाच्या पोराचा भाव या हिशेबाने 11 टक्के. विमा असला की तोही आपल्या खिशातून जात नाही. पगाराच्या सव्वातीन टक्के वर्गणी भरली की बोटांचं काय ते राज्य कामगार विमा महामंडळ पाहतं. आपल्या वाट्याला येते ती गुलदस्ता घेऊन दवाखान्यात जाण्याची तसदी, आणि तिथेही आपण ड्रायव्हरला पाठवता.

दंडाचंही भय नव्हतं. जुन्या कायद्यात धोकादायक यंत्र उघडं ठेवल्याने कामगार गंभीर जखमी झाला तर दंड किमान 5,000 रुपये. सुरक्षा सप्ताहाचा मंडप याहून महाग असेल. अपघातामुळे कामगार 48 तास कामाबाहेर राहिला तर तो अपघात कळवावा लागे, म्हणून आपण गेल्या वर्षी जखमी झालेल्या हेल्परला दुसऱ्याच दिवशी रिक्षाने आणवून, बँडेजसकट स्टोअरमधल्या स्टुलावर बसवलं होतं. दिवसभर तो नुसता बसून होता, पण हजेरी लागली आणि अपघात झालाच नाही. वैद्यकशास्त्राला जे साधलं नाही ते आपल्या मस्टरने केलं.

नव्या संहितेने गंभीर दुखापतीचा दंड 2 ते 4 लाखांवर नेला आहे आणि त्यातला निम्मा तरी जखमीला द्या, असं न्यायालय सांगू शकतं. पण घाबरू नका, त्याच संहितेत दिलासाही आहे. विजेवर चालणारा कारखाना म्हणजे किमान 10 कामगार, ही 1948 ची मर्यादा या संहितेत 20 आहे. त्यामुळे चार जुने पेडल प्रेस एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, बारा माणसांच्या जॉबवर्कवाल्याकडे हलवले की ते ‘कारखाना’ या व्याख्येतूनच बाहेर पडतात. निरीक्षकाच्या पदनामात आता ‘सुविधाकार’ही आला आहे. कोणाची सुविधा, ते नियमांत स्पष्ट होईलच.

आता ‘सगळे असंच करतात’ हे आपलं नेहमीचं म्हणणं. खरं आहे, आणि त्यात आपला एकट्याचा अपमान करायचा माझा हेतू नाही. मानेसर-फरिदाबादच्या वाहन उद्योगातल्या तुटलेल्या बोटांपासून सुरुवात करून सेफ इन इंडिया फाउंडेशन 2019 पासून ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते, त्यात पुण्याची नोंदही आता असते. यंत्र तेच, बंद सेन्सर तोच, ठेकेदाराचं पोरगं तेच. आपण फार मोठ्या परंपरेचे पाईक आहात.

मागणी किरकोळ आहे. चौथ्या प्रेसमधला पुठ्ठा काढा. सेन्सर बायपास करायची चावी सुपरवायझरकडून काढून घेऊन स्वतःच्या गाडीच्या चावीच्या जुडग्यात ठेवा, म्हणजे कधी कोणी बायपास केला ते शोधायला चौकशी समिती नेमावी लागणार नाही. पेडलच्या प्रेसला जाळी बसेपर्यंत तो बंद ठेवा. मग नगांचं टार्गेट पुन्हा ठरवा, दोन्ही हात बटणावर ठेवून जेवढे निघतील तेवढं. इतकं झालं की प्रशिक्षण द्या, पोराला कळेल त्या भाषेत, प्रेस समोर ठेवून, ‘हा डबल मारला तर यंत्र बंद करून निघून यायचं, पगार कापला जाणार नाही’ हे वाक्य आपण स्वतः म्हणून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक परीक्षक

प्रत माहितीसाठी रवाना: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांना, तपासणीची तारीख आपल्याला आधी कळणार नाही अशी व्यवस्था करण्याच्या विनंतीसह, आपला माल घेणाऱ्या मोटार कंपनीच्या खरेदी विभागाला, कारण नगामागे दहा पैसे कमी करा असा आग्रह त्यांचा आणि ‘आमचे पुरवठादार सुरक्षित आहेत’ हे प्रमाणपत्रही त्यांचंच, आणि आपल्या एचआरच्या साहेबांना, ती चिठ्ठी तक्रार म्हणून तरी आवक नोंदवहीत चढवली का, हे उलट टपाली कळवावे म्हणून.