कल्ला लाल, काळजी खलास?

मासळी बाजारात आपण सगळेच तज्ज्ञ. कल्ला वर करून बघायचा, लालभडक दिसला की मान डोलवायची. पोटावर बोट दाबायचं, खळगा पडला की नाक मुरडायचं. मग मावशींशी वीस रुपयांसाठी हुज्जत.

पण माशात पीसीबी नावाचं रसायन असलं, तर त्याला ना वास, ना रंग. मावशींनाही दिसत नाही.

जुलै २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनवरून केवढा गदारोळ उठला! बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंदच करावी लागली. ठीकच झालं. पण फॉर्मेलिन मेलेल्या माशाला लावतात, तो टिकावा म्हणून. पीसीबी मात्र मासा पोहत असतानाच त्याच्या अंगात मुरतं. त्यावरून कुणी रस्ता अडवल्याचं ऐकलंय?

पीसीबी म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं रसायन. सहजासहजी पेटत नाही, लवकर नष्टही होत नाही. इंजिनिअर खूश. समुद्रात गेलं की हाच गुण अंगाशी येतो. शेवाळ्यातून तारलीत, तारलीतून सुरमईत, सुरमईतून आपल्यात; दर पायरीला साठा वाढता. आपण शेवटची पायरी समजतो स्वतःला.

शेवटची पायरी आईच्या दुधावरचं बाळ.

अमेरिकेने पीसीबीचं उत्पादन १९७९ मध्ये बंद केलं. आपण अशा चिवट रसायनांवरचा स्टॉकहोम करार मान्य केला २००६ मध्ये, पीसीबीबद्दल आदेश काढला २०१६ मध्ये आणि वापर थांबवायला मुदत दिली ३१ डिसेंबर २०२५ ची. गाळात जाऊन बसलेल्या रसायनाला ही तारीख कुणी कळवली?

असंच अंगात साठणारं कीटकनाशक म्हणजे डीडीटी; त्याची गंमत आणखी न्यारी. शेतात १९८९ पासून बंदी, हिवतापाच्या डासांसाठी मुभा. महाराष्ट्रात ते बनायचं कुठे? पाताळगंगेच्या काठी. गावाचं नाव रसायनी. पाताळगंगा जाते धरमतरच्या खाडीला. आरोप नाही हो, भूगोल सांगतोय.

‘नीट शिजवलं की झालं,’ असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. काका, ते जंतू नाहीत. उकळून मरत नाहीत.

ही रसायनं बसतात चरबीत. डॉक्टर ज्याचं कौतुक करतात ते ओमेगा-३सुद्धा चरबीतच. आणि आपण ज्या गाबोळीसाठी भांडतो, तिच्यातही चरबी असतेच. मासे सोडा असं कोण म्हणतंय? मी तरी नाही. बांगडा खा, पण रोज एकच मोठा शिकारी मासा ताटात नको. लहान मासे खा, जात बदलत राहा, सुटलेलं तेल ओतून द्या. गिऱ्हाईक एवढंच करू शकतं.

बाकीचं काम ज्यांचं, त्यांच्याकडे नियम आहेत. माशातल्या पीसीबीची मर्यादा युरोपप्रमाणे आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही छापलेली आहे. छापलेली!

वादळ यायचं असलं की बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो, अडाण्यालाही कळतो. मत्स्यखात्याने दर तीन महिन्यांनी खाडीतली आणि दर्यातली मासळी तपासावी आणि आकडे त्याच बावट्याखाली, मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावेत. कल्ला आम्ही बघून घेऊ.