सातबाऱ्यावर सत्तावीस नावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

मालवण किनाऱ्यावर ज्यांच्या नावे चार माड, दहा कलमं आणि एक कौलारू घर आहे, अशा होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका. मृत्युपत्र न करता जाणं अजिबात अवघड नाही. फक्त आयुष्यभर चिकाटी लागते.

सुरुवात जेवणाच्या पानावर करा. मुलाने विषय काढला की सोलकढीची वाटी खाली ठेवायची आणि म्हणायचं, "माज्या मरणाची वाट बघतंस काय रे?" पुढची दहा वर्षं तो हा विषय काढत नाही.

अगदीच राहवलं नाही तर तोंडी वाटप करा. फणसापर्यंत थोरल्याचं, विहिरीपलीकडे धाकट्याचं. कागद नको, फणस साक्षीला आहेच. मग मे २०२१च्या तौक्तेसारखं वादळ येतं आणि साक्षीदारच उन्मळून पडतो. उरतात दोघा भावांच्या दोन आठवणी. त्या कधीच जुळत नाहीत.

आता थोडं गणित, कारण खरी गंमत तिथे आहे. समजा, कलमबाग तुमच्या स्वतःच्या कमाईची आहे आणि मागे बायको, तीन मुलगे, दोन मुली आहेत. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने सहा सारखे हिस्से पडतात. पुढे एक मुलगा जातो. त्याची बायको, दोन मुलं आणि त्याची आई अशा चौघांत त्याचा हिस्सा वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश. (होय, मुलाच्या मिळकतीत आईही पहिल्या वर्गाची वारस असते, हे ऐकून भल्याभल्या सुना गप्प होतात.) मग आजी जाते आणि तिच्याकडचं सगळं पुन्हा फुटतं. दर खेपेला वारस फेरफार, दर खेपेला तलाठी कार्यालय. बाग विकायची म्हटली तर बोरिवलीपासून बहरीनपर्यंत सह्या गोळा करायच्या. तोवर कलमांवर बांडगुळं माजतात, ती मात्र कुणाच्या संमतीसाठी थांबत नाहीत.

बहिणींचं काय? साडीचोळी केली की झालं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाली. ती बातमी आपल्या वाडीपर्यंत अजून यायची आहे, असं वागावं.

बँकेत नॉमिनीचं नाव घातलं की निवांत झोपा. इथे एक मोठं उदाहरण आडवं येतं, तिकडे दुर्लक्ष करा. मूळचे मालवणचे आणि १९७३पासून घराघरांत 'कालनिर्णय' पोचवणारे जयंतराव साळगांवकर यांनी जून २०११मध्ये मृत्युपत्र केलं होतं. ऑगस्ट २०१३मध्ये ते गेले. मृत्युपत्रात नसलेल्या काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांना नॉमिनी लावलेले होते. नॉमिनी मालक होतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: नॉमिनीने रक्कम स्वीकारायची, पण तेवढ्याने तो मालक ठरत नाही, मालकी वारसाहक्कानेच ठरते. ज्यांनी दूरदृष्टीने कागद केला, त्यांच्या घरीही एवढं झालं. तुम्ही तर कागदच करणार नाही आहात, म्हणजे तुमच्याकडून अपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

काही जण म्हातारपणी घाबरून मृत्युपत्र करतातच. त्यांनी निदान नीट करू नये. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, आणि शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं: ही माहिती गुप्त ठेवावी. कायदा दोन साक्षीदार मागतो. ते आपल्याहून वयाने मोठे निवडावेत. पुढे कोर्टात सही शाबीत करताना त्यांतला एक तरी हयात असला की काम सोपं होतं, आणि तसा कुणी उरू नये, हीच तर आपली योजना. कागद देवघरात, वाळवीच्या हद्दीत ठेवावा.

इतकं करूनही घरात एखादी समंजस सून निघते आणि सगळ्यांना एकत्र बसवायचं मनावर घेते. हरकत घेऊ नका. बैठक गणपतीत ठेवा, तीही विसर्जनाच्या दिवशी दुपारी. आरत्या व्हायच्या असतात, पंगत उठायची असते, आणि निम्म्या चाकरमान्यांची त्याच दिवशीच्या तुतारी एक्सप्रेसची तिकिटं काढलेली असतात. तारीख पुढल्या गणपतीची पडते.