नेल्सनच्या जहाजाची हातकाठी

अ‍ॅडमिरल नेल्सनचं ‘फूड्रॉयंट’ जहाज ब्रिटिश नौदलाने 1892 मध्ये मोडीत विकलं आणि ते जर्मन भंगारवाल्यांच्या हाती गेलं. तेव्हा कुठे देशाभिमान जागा झाला. एकाने जहाज विकत घेऊन परत आणलं, ते 1897 मध्ये ब्लॅकपूलला वादळात फुटलं. मग काय, ओकच्या लाकडाच्या हातकाठ्या झाल्या, तांब्याची पदकं झाली. अख्खं जहाज सांभाळणं परवडत नाही. त्याची काठी टेकत किनाऱ्यावर फिरलं, की शेअर दलालही निम्मा दर्यावर्दी दिसतो. (चालायला काठी लागत होती असं नाही.) त्या मालकाने बदली म्हणून ‘ट्रिंकोमाली’ घेतलं, 1817 मध्ये मुंबईत वाडिया या जहाजबांधणी घराण्याने सागवानात बांधलेलं. त्यालाही ‘फूड्रॉयंट’ हेच नाव दिलं. ते अजून हार्टलपूलला तरंगतंय. काठ्यांच्या धंद्याला सागवान अगदीच कुचकामी!