जीपमाहात्म्य

नवी गाडी घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, कुतूहल मात्र अजिबात नाही. तो शोरूममध्ये जातो, फुकटचा चहा पितो, हप्ते ठरवतो, गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू चिरडतो आणि घरी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते. संपली गोष्ट. महिंद्राने २०१० साली थार आणली, २०२० साली तिचा नवा अवतार आला. तिच्यात एसी आहे, एअरबॅग आहेत, टचस्क्रीन आहे आणि एवढं सगळं पोटात घेऊन ती डोंगरही चढते. म्हणजे या माणसाने रोख पैसे मोजून आपल्या सगळ्या अडचणी आधीच सोडवून घेतल्या. आता त्याने रविवारी करायचं काय?

हा प्रश्न ज्यांना वेळीच पडतो ते जुनी जीप घेतात.

आमच्या सोसायटीतले एक काका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. जुन्या वाहनाला कर्ज का देऊ नये, याची कारणं त्यांना भीमरूपीसारखी पाठ होती. घसारा, सुटे भाग, फेरविक्री. उभ्या नोकरीत त्यांनी भल्याभल्यांना या तीन शब्दांवर वाटेला लावलं. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती सातारा जिल्ह्यातल्या एका मळ्यात, कडब्याच्या गंजीला टेकून उभ्या असलेल्या सीजे-थ्री-बी जीपची. तिला इंजिन नव्हतं. "बरंच झालं," काका म्हणाले, "नाहीतरी ते उतरवायची मजुरी लागलीच असती."

ज्यांना या वाक्यात काही गैर दिसलं त्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये. म्युच्युअल फंड त्यांच्यासाठीच आहेत.

जुनी जीप म्हणजे घराणं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जिपा बनवल्या. त्यांचं सव्वादोन लिटरचं पेट्रोल इंजिन जेमतेम ६० अश्वशक्तीचं होतं आणि तेवढ्यावर त्यांनी अर्धं जग तुडवलं. इकडे १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, महिंद्रा दोन झाले आणि मुंबईत माझगावला विलीजच्या जिपा जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे सीजे-थ्री-बी आली. तिच्या इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नेले होते, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. ही उचललेल्या खांद्यांची गाडी अमेरिकेने १९६८ साली बंद केली. आपण तो चेहरा त्यानंतरही कित्येक वर्षं सोडला नाही. ज्याला जगाने मोडीत काढलं त्याचं आपण उत्पादन करतो, मग उत्पादन बंद झालं की तेच मोडीतून परत विकत घेतो. या व्यवहारातलं सातत्य नजरेत भरण्यासारखं आहे.

शिवाय या छंदाला राजमान्यता आहे. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा कशाचा होता? जिपांचा. १९४८ साली, काश्मीरची लढाई चालू असताना, लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जुन्या, डागडुजी केलेल्या जिपा घ्यायचा करार केला. रक्कम ८० लाखांच्या घरातली, त्यातली बरीचशी आगाऊ दिलेली. मद्रास बंदरात उतरल्या १५५ आणि त्याही चालवण्याच्या लायकीच्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला आणि १९५५ साली सरकारने हे प्रकरण संपल्याचं जाहीर करून टाकलं. आगाऊ पैसे, अपुरा माल, न चालणारी गाडी आणि शेवटी विषय बंद. आज पुण्यातल्या कुठल्याही जीपवाल्याच्या घरी हाच क्रम, याच शिस्तीने पाळला जातो. फक्त संसद बैठकीच्या खोलीत भरते.

काकांनी सुरुवात रंगापासून केली. एका मडगार्डवर पाणी सोडून पॉलिश पेपर फिरवायला ते बसले आणि उठेनात. वरचा काळा रंग गेला तसा त्याखाली चिकटवलेल्या एका देवीच्या नावातला उकार दिसला. म्हणजे गाडी वडापला होती, आठाच्या जागी अठरा माणसं घेऊन बाजाराला जात होती. त्याखाली पांढरा लागला, तो सरकारी. या जीपमधून कुणी बीडीओ उतरला असेल आणि बांधावरच्या माणसांनी टोप्या काढल्या असतील. त्याखाली हिरवा. तो फॉरेस्टचा की लष्कराचा, यावर अजून एकमत नाही. त्याखाली रेड ऑक्साइड, आणि त्याखाली लांबी. लांबीच्या खाली पत्रा असतो असा सर्वसाधारण समज आहे. तो या मडगार्डने खोटा ठरवला. लांबीखाली आणखी लांबी होती, तिच्याखाली गोणपाटाचा तुकडा आणि त्याखाली थेट टायर. जे घासायला घेतलं होतं ते घासण्यामुळेच नाहीसं झालं. काकांनी पेपर बाजूला ठेवला, हात पुसले आणि समाधानाने म्हणाले, "आता नवीन करता येईल."

मग इंजिन. ही कथा जरा गुंतागुंतीची आहे आणि मला तिच्याबद्दल विशेष आदर आहे. मूळ जीप पेट्रोलवर चालायची आणि लिटरला सहा-सात किलोमीटर द्यायची. पेट्रोल महागलं तसं शहाण्या माणसांनी ते इंजिन उतरवून भंगारात घातलं आणि डिझेल बसवलं. काकांच्या जीपचं तेच झालं. नंतर ते डिझेल इंजिनही मळेवाल्याने काढून विहिरीवरच्या पंपाला जोडलं, तिथे ते अजून इमानाने पाणी ओढतं. आता पेट्रोलने शंभरी ओलांडली असताना काका मूळ पेट्रोल इंजिनाच्या शोधात आहेत. शहाण्यांनी जे किलोवर विकलं ते परत मिळवायला कुर्ला पालथा घातला, दिल्लीच्या मायापुरीत माणूस लावून ठेवला. हरियाणातल्या डबवालीहून एकाने फोनवर सांगितलं की संपूर्ण जीपच पाठवतो, चकचकीत, हॉर्नसकट. काकांना हा प्रस्ताव अपमानकारक वाटला. तयार जीप घ्यायची तर छंद कशाला?

जीपवाल्यांत दोन पंथ आहेत. एक ओरिजिनलवाले, दुसरे अपग्रेडवाले. ओरिजिनलवाल्याला गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी असते, म्हणजे तेव्हाचे कच्चे ब्रेक आणि सहा व्होल्टचे मिणमिणते दिवेसुद्धा. युद्धातल्या ज्या जिपा फोर्डने बनवल्या, त्यांच्या बारीकसारीक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही 'एफ' उमटवलेला असे. त्या बोल्टांसाठी माणसं बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवी बसून गंजक्या लोखंडाचे ढीग चाळतात. एकेक बोल्ट उचलायचा, थुंकी लावून अंगठ्याने पुसायचा, उन्हाकडे धरायचा, परत टाकायचा. काकांना एकदा असा बोल्ट मिळाला. वास्तविक त्यांची जीप महिंद्राची, तिचा फोर्डशी काडीचा संबंध नाही. पण बोल्ट खरा आहे. आता त्याला शोभेल अशी बाकीची जीप शोधणं सुरू आहे.

अपग्रेडवाल्यांचं शास्त्र वेगळं. त्यांचं म्हणणं असं की जीप उत्तमच आहे, फक्त तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि सीट बदलायला हवेत. काका या पंथाचेही सभासद आहेत. मधल्या काळापुरतं एक डिझेल इंजिन चढवून त्यांनी अगदी किरकोळ गोष्टीपासून सुरुवात केली: १६ इंची रिमचे बारीक टायर शोभत नव्हते, म्हणून १५ इंचीवर रुंद आणि उंच टायर आणले. रुंद टायरने स्टिअरिंग जड झालं, म्हणून दुसऱ्याच कुठल्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग आणलं. त्याचा पंप बसवायला डायनामो सरकवावा लागला. सरकवतोच आहोत तर जुना कशाला, म्हणून अल्टरनेटर आला. एवढा करंट वाया का घालवा, म्हणून विंच आला. विंचच्या वजनाने गाडीचं नाक खाली गेलं, तेव्हा पुढे पाटे वाढवले. पाट्यांनी गाडी उंच झाली, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला आणि जॉइंट कुरकुरायला लागले. उंच टायरमुळे चढावर ओढ मेली, म्हणून मोठं इंजिन आलं. मोठ्या इंजिनाने गाडी पळू लागली तेव्हा ती थांबत नाही हे ध्यानात आलं, म्हणून पुढे डिस्क ब्रेक लावले. डिस्कचे कॅलिपर १५ इंची रिमच्या आत मावेनात, म्हणून परत १६ इंची रिम घेतले. त्यांवर ते रुंद टायर बसत नाहीत.

इथे सामान्य माणूस खचला असता. काकांनी जुने बारीक टायर जपून ठेवले होते. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

विंचचा उपयोग काय, असं एका पोराने विचारलं. उपयोग झालेला आहे. बंद पडलेली जीप झाडाला दोर बांधून गॅरेजच्या फाटकातून आत ओढून घेतली ती त्याच विंचने.

गॅरेजमधले मिस्त्री हे या सगळ्याचे गुरू. जीप त्यांच्याकडे इतका काळ आहे की पोस्टमन तिच्या सीटवर पत्रं ठेवून जातो. "काका, बुधवारी या," मिस्त्री सांगतात. "कुठल्या बुधवारी?" असं एकदा काकांनी विचारलं. "कुठल्याही या. गाडी इथंच आहे." एवढा स्वच्छ करार मी बँकेतसुद्धा पाहिलेला नाही. आणि एक विसरू नये. पाटे तापवून वाकवणारा, कार्बोरेटरची जेट कानाने जुळवणारा, न मिळणारी बुश लेथवर कातून देणारा, यांच्याकडे आज जातं कोण? नव्या गाडीवाल्याला त्यांचे पत्तेही ठाऊक नाहीत. काकांच्या पेन्शनवर तीन दुकानं उघडी आहेत. याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने कृपया 'कौशल्य विकास' हा शब्द उच्चारू नये.

कायदाही, बारकाईने वाचला तर, छंदाच्या बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलात मनाने फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावलं. त्याआधी २०१७ च्या अखेरीला केंद्राने पुढचे लोखंडी बुलबार बेकायदा ठरवले होते. म्हणजे केलेलं बरंचसं काम उतरवावं लागणार, आणि उतरवणं हेही कामच. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली. ऐकून काकांचा चेहरा उजळला. म्हणाले, सरकारला आत्ता कुठे गाडीची किंमत कळली.

पण मला थक्क केलं ते २०२१ च्या विंटेज नियमांनी. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली मोटार विंटेज म्हणून नोंदता येते. फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. मग आणायची कशासाठी? नियमात यादी दिली आहे: प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल. ज्या कुणी अधिकाऱ्याने हे लिहिलं त्याच्या घरी जीप असली पाहिजे. पंपावर जायचं, तिथून गॅरेजला जायचं, गॅरेजमधून परत पंपावर. यापलीकडे काकांची जीप कुठे गेली आहे? तांत्रिक संशोधन तर अखंड चालू असतं, कारण आवाज कुठून येतो हे अजून सापडलेलं नाही.

मध्यंतरी जीप थोडे दिवस सोसायटीत उभी होती. काकूंनी तिच्या बॉनेटवर सांडगे घातले. सपाट, उन्हाने तापणारं, मांजर चढणार नाही एवढं उंच बॉनेट. टीका करण्याआधी लोकांनी ध्यानात घ्यावं की युद्धात जीपच्या अशाच बॉनेटवर नकाशे पसरले जायचे आणि पाद्री त्यालाच वेदी मानून प्रार्थना म्हणायचे. इतिहासाला धरून तिचा वापर आमच्या सोसायटीत फक्त काकूंनी केला. सांडगे उत्तम झाले होते, फक्त किंचित डिझेलचा वास होता.

काकांचा चिरंजीव पुण्यात आयटीत आहे. त्याने वडिलांना एकदा एक्सेलमध्ये हिशेब मांडून दाखवला की एवढ्या पैशांत नवी थार आली असती. काकांनी तो तक्ता मन लावून पाहिला, जुन्या सवयीने त्यातली बेरजेची एक चूक दाखवली (खर्च प्रत्यक्षात जास्त होता) आणि विचारलं, "ती आल्यावर मी काय केलं असतं?" मुलाकडे उत्तर नव्हतं. तो आता शनिवारी गॅरेजला येतो. परवा मिस्त्रींनी त्याला ग्रीसगन धरायला दिली.

तेव्हा वाचकांना विनंती. आपल्या गावी गोठ्यामागे, बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात किंवा भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्याच्या परसात एखादी जुनी जीप पडून असेल, तर ती किलोच्या भावाने घालवू नका. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे निरोप ठेवा. कागद नसले तरी चालतील, मडगार्ड एकच असला तरी चालेल, आत कोंबड्या बसत असतील तर त्यांची वेगळी किंमत देऊ. गाडी चालू स्थितीत नसावी, एवढी एकच अट आहे.